कडुनिंबाची साक्ष

सारी हयात कोर्टाच्या कचेरीत गेलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी काही सांगू लागले, की 'कशावरून?' हा शब्द त्याच्या ओठांवर आपोआप येतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षे नोकरी केली. शेवटची काही शिरस्तेदार म्हणून. विहिरीच्या पाळीपासून खुनापर्यंत नाना प्रकरणांतले नाना साक्षीदार शपथ घेताना पाहिले. आज मंडईतला भाजीवाला 'मेथी ताजी आहे' म्हणाला, तरी माझ्या मनात त्याची उलटतपासणी सुरू होते. संगतीने आमच्या मंडळींनाही तीच सवय लागली आहे. 'गोदेपर्यंत फिरून आलो' असे मी सांगितले, की स्वयंपाकघरातून विचारणा होते, "कशावरून?"

या खोडीमुळेच मे २००० मधली एक बातमी पंचवीस वर्षे माझ्या डोक्यात कुसळासारखी रुतून राहिली. जर्मनीतल्या म्युनिक शहरी युरोपीय पेटंट कार्यालयाने कडुनिंबावरचे एक पेटंट रद्द केले. ते होते अमेरिकेचे कृषिखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी यांच्या नावावर. त्या दिवशी कचेरीत जो तो आनंदात. 'आपला निंब आपल्याला परत मिळाला', 'आयुर्वेदापुढे गोऱ्यांनी हात टेकले', असा सूर. एका वकीलसाहेबांनी तर चहा पिता पिता चरकाचा दाखला दिला. आनंद मलाही झाला. पण मनात आले, चरक काही म्युनिकला साक्ष द्यायला गेला नसणार. मग साक्षीदार कोण होता? पिंजऱ्यात उभे राहून कोणी काय सांगितले? त्या घोळक्यात हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्याचे कोणाला काही वाटतही नव्हते.

उत्तर मिळाले ते गेल्या दिवाळीत, घरबसल्या, आणि तेही भाचीकडून.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. रसायनशास्त्र नाशिकातच शिकली, पुढे अमेरिकेत जाऊन कायद्याची पदवी घेतली, आणि आता तिकडे पेटंटची वकिली करते. नुसता कायदा येऊन हे काम तिथे मिळत नाही. पेटंट कार्यालयापुढे अर्ज चालवायचा तर शास्त्राचे किंवा इंजिनिअरिंगचे शिक्षण लागते. आमच्या वेळी ज्याला गणित जमले नाही तो वकील होई. तिकडे उलटा प्रकार.

दिवाळीला आली ती कामासकट आली. दुपारी आम्ही फराळाला बसावे आणि बाईसाहेबांनी माडीवर जाऊन दार लावून घ्यावे. का, तर म्युनिकची कचेरी उघडली! दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी माझी खोड उसळली. म्हटले, "अग, तू अमेरिकेची वकील, तुझे अशील अमेरिकेचे. मग हे म्युनिक, पॅरिस, डुसेलडॉर्फ काय लावले आहेस?"

तिने हातातली चकली बशीत ठेवली आणि मला शिकवायला घेतले. मला समजले तेवढे सांगतो.

पेटंट म्हणजे थोडक्यात मक्ता. नवी युक्ती शोधणाऱ्याने ती जगाला उघड करून सांगायची, आणि बदल्यात वीस वर्षे इतरांनी ती विनापरवाना वापरू नये अशी मनाई सरकारकडून मिळवायची. हा मक्ता ज्या देशाने दिला त्या देशापुरता. युरोपात अर्जाची तपासणी एका ठिकाणी होते, आणि पेटंट दिल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कोणालाही तिथेच हरकत घेता येते. ती मुदत टळली, की पूर्वी जर्मनीत जर्मन कोर्ट, फ्रान्सात फ्रेंच कोर्ट, हॉलंडात डच कोर्ट. जितकी गावे तितके ग्रामदेव. अमेरिकेतले पुष्कळ वकील त्यामुळे युरोपकडे पानातल्या लोणच्यासारखे पाहत. जेवण घरी, युरोप तोंडी लावायला.

१ जून २०२३ रोजी तिकडे एकत्रित पेटंट न्यायालय सुरू झाले आणि लोणच्याची भाजी झाली. आज त्यात अठरा देश आहेत. दावा एक, निकाल एक, आणि तो अठराही देशांत लागू. जिंकलात तर सगळीकडे मनाई. हरलात तर एका फटक्यात सगळीकडचा मक्ता बुडाला. या सुरुवातीच्या काळात आपले जुन्या पद्धतीचे पेटंट त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची सोय आहे. ते आत ठेवावे की बाहेर, हा सल्ला देण्यातच भाचीची निम्मी दुपार जात होती.

शिवाय तिथली कामाची रीत निराळी. अमेरिकेत पेटंटचा दावा पुष्कळदा पंचांपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या ज्यूरीपुढे चालतो. त्याआधी एकमेकांच्या कचेऱ्यांतले कागद गाडाभर मागवायचे, साक्षीदारांचे जबाब घ्यायचे, त्यात वर्षे जातात. या नव्या न्यायालयात रसायन किंवा यंत्रशास्त्र जाणणारे न्यायाधीशही बसतात. पुरावा दाव्याबरोबरच मांडायचा, आणि साधारण वर्षभरात सुनावणी व्हावी असा त्यांचा प्रयत्न. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वाजवी वकीलखर्चही द्यायचा. 'दावा खर्चासह फेटाळण्यात येत आहे' हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिले. पण त्या खर्चात एखाद्या पक्षकाराचा रिक्षाभाडे-खर्च तरी निघाला असेल का, याची मला शंका आहे. तिथे म्हणे खरोखर भरावा लागतो.

"आणि मामा, याहून मोठी भीती वेगळीच," भाची म्हणाली. "आमच्या अशिलाने म्युनिकला एक बोलायचे आणि अमेरिकेत दुसरे, हे पचत नाही. समोरचा वकील तिकडचे कागद इकडे आणून वाचून दाखवतो."

यात मला काहीच नवल वाटले नाही. दिवाणी कोर्टात जमीन वडिलोपार्जित आणि तहसीलदारापुढे तीच जमीन स्वकष्टार्जित, असे सांगणारे किती जण मी पाहिले आहेत! दोन्हीकडचे कागद एका टेबलावर आले, की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

मग मी माझा पंचवीस वर्षांचा प्रश्न बाहेर काढला. कडुनिंबाचा साक्षीदार कोण?

"तुमच्या महाराष्ट्रातल्या शेतांविषयी सांगणारा," ती म्हणाली.

हकीकत अशी. ते युरोपीय पेटंट सप्टेंबर १९९४ मध्ये मिळाले. १९९५ साली, नऊ महिन्यांच्या मुदतीत, तिघांनी हरकत घेतली: आपल्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आल्व्हूत, आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ. त्यांची बाजू मांडली फ्रिट्झ डोल्डर या स्विस कायदेपंडिताने. पेटंट कशावर होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे त्यावर फार ढोल बडवले गेले. झाडावर मक्ता नव्हता, दातवणावर नव्हता, आणि पाडव्याच्या चटणीवर तर नव्हताच. निंबोळीतून विशिष्ट द्रावकाने तेल काढायचे, ते पाण्यात मिसळावे म्हणून त्यात साबणाच्या जातीचा पदार्थ घालायचा, आणि ते मिश्रण फवारून झाडांवरची बुरशी आटोक्यात आणायची, एवढ्या रीतीवर तो मक्ता होता. युरोपचे पेटंट इथल्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन त्याचा हात धरू शकत नव्हते. झळ लागली असती ती तसा माल युरोपात पाठवू पाहणाऱ्यांना.

९ आणि १० मे २००० रोजी म्युनिकला तोंडी सुनावणी झाली. बनारस हिंदू विद्यापीठातले प्राध्यापक यू. पी. सिंह तिथे होते. बुरशी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. आणि होते अभय फडके, निंबाच्या औषधांच्या व्यवसायातले. फडक्यांची हकीकत निर्णायक ठरली. निंबाच्या तेलाचे असे औषध आपण महाराष्ट्रात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या समोर पिकांवर वापरून पाहिले. केव्हा, तर १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात. पेटंटचा मूळ अमेरिकन अर्ज डिसेंबर १९८९ चा. म्हणजे अर्जदार ज्याला नवे म्हणत होते ते त्याआधी चार वर्षे आपल्या रानांत उघड्यावर झालेले होते. पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांनी अपील केले; ते ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

मी भाचीला म्हटले, पुन्हा सांग. जिल्हा, साल, ऋतू, पाहणारे कोण. वा! याला म्हणतात साक्ष. युरोपच्या कायद्यात अशा वेळी तीन गोष्टी विचारतात: केव्हा, नेमके काय, आणि कोणत्या परिस्थितीत. शेवटचा प्रश्न वरवर साधा, पण खोल आहे. गोष्ट दारामागे, कोणाला कळू न देता केली असेल तर ती लोकांना उपलब्ध झाली असे होत नाही. म्हणून 'शेतकऱ्यांच्या समोर' हे शब्द सोन्याचे. सामाईक विहिरीच्या पाण्याचा तंटा असो नाही तर आंतरराष्ट्रीय कंपनीचा, माणसाला विचारायचे ते हेच. आणि इथेच माझ्या चरकवाल्या वकीलसाहेबांचे म्हणणे मला लंगडे वाटते. हजारो वर्षांची परंपरा ही कोर्टात फार अवघड वस्तू आहे. तिला तारीख नसते, ठिकाण नसते, आणि उलटतपासणीला ती कधी हजर राहत नाही. पुणे-सांगलीचा १९८५ चा उन्हाळा हजर राहिला.

आता यातली खरी मेख ऐका. हीच साक्ष त्या काळी वॉशिंग्टनला दिली असती तर तिचा काडीइतका उपयोग झाला नसता. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, एखादी गोष्ट लोकांच्या माहितीत किंवा वापरात होती हे अमेरिकेतलेच दाखवावे लागे. परदेशातले दाखवायचे तर तिथले पेटंट हवे, नाही तर छापील कागद हवा. परदेशातला बोलता माणूस चालत नसे. म्हणून म्युनिकच्या निकालाने अमेरिकेतल्या त्याच जातीच्या पेटंटांना धक्का लागला नाही.

हळदीच्या प्रकरणाची गोष्ट आता उलगडली. जखमेवर हळद, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, आणि गंमत अशी, की संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. आमचे डॉक्टर रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये पेटंट गेले. पण कशाच्या बळावर? घराघरातल्या आज्यांच्या बळावर नव्हे. बत्तीस लेखी संदर्भ गोळा करावे लागले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख होता. माझ्या आईने माझ्या गुडघ्यावर दाबलेली हळद अमेरिकेच्या दृष्टीने घडलीच नव्हती. १९५३ चा छापील कागद घडला होता.

२०११ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला, आणि १६ मार्च २०१३ नंतरच्या अर्जांना 'वापर कोणत्या देशातला' ही अट उरली नाही. नऊ महिन्यांत हरकत घेण्याची युरोपी तऱ्हाही त्यांनी उचलली. मात्र मुदत टळल्यावर त्यांच्या पेटंट कार्यालयात जी फेरतपासणी होते, तिला अजून पेटंटे आणि छापील कागद एवढेच चालतात. भाचीसारख्यांचे काम त्यामुळे वाढले. पूर्वी ग्रंथालये धुंडाळली की भागे. आता जगात कुठल्याही गावी, कुठल्याही बांधावर कोणी हे आधी करत होते का, याची धास्ती. आपल्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात तर एखाद्या स्थानिक समाजाला तोंडी माहीत असलेल्या ज्ञानावरूनही हरकत घेता येते, असे स्पष्ट लिहिले आहे. २००१ पासून सरकारने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले ज्ञान इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून त्याचे संगणकीय भांडार उभे केले. युरोपचे तपासनीस २००९ पासून ते पाहू शकतात. उत्तम झाले. पण त्यात ग्रंथांतले गेले. जे ग्रंथांत नव्हतेच, त्याचे काय?

हे मी विचारले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आजोबांच्या मागे वाटण्या झाल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांच्या वाट्याला जमीन आली आणि आमच्या वडिलांनी शिक्षणावर समाधान मानले; म्हणून अण्णा पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबागेत आणि मी कचेरीत. वय शहाऐंशी. दृष्टी अधू झाली, पण पान बोटांत धरून भुरी आहे की डावणी हे अजून सांगतात. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या नातवाने फवारणीसाठी नीम तेलाची बाटली आणली. अण्णांनी भिंग लावून तिच्यावरचा मजकूर वाचला. 'नवे तंत्रज्ञान' अशी काही अक्षरे त्यावर होती. ते म्हणाले, "हे मी तुझा बाप शाळेत जायच्या आधी करत होतो. तेल आणि रिठ्याचं पाणी." नातू शेतकी कॉलेजात शिकलेला, स्वभावाने गुणी. उद्धटपणे नव्हे, अगदी सहज तो बोलून गेला, "अण्णा, कुठे लिहून ठेवलंय का?"

अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस त्यांचे जेवणावर लक्ष नव्हते, असे वहिनींनी मला फोनवर सांगितले.

अण्णांच्याच बागेत वर्षानुवर्षे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारतात. त्याला 'बोर्डो' म्हणतात ते फ्रान्समधल्या बोर्दो गावावरून. तिथले बागाईतदार वाटेकडच्या वेलांवर मोरचूद-चुना मारत, कारण द्राक्षे चोरणाऱ्यांना ती निळी घाण पाहून शिसारी यावी. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, की त्याच वेलांवर डावणी नाही. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. चोरांना हुसकावणाऱ्या त्या फ्रेंच अण्णांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत?

भाऊबीज झाल्यावर मी फुलस्केप कागदांचा दस्ता घेतला आणि भाचीला घेऊन पिंपळगावला गेलो. वाटेत तिने मला पुरते सावध केले. "मामा, ते पेटंट केव्हाच रद्द झाले. रद्द झाले नसते तरी मुदत संपली असती. अण्णामामांच्या जबाबाचा कायद्याला काही उपयोग नाही." मी म्हटले, मला माहीत आहे. उपयोग नसलेले जबाब लिहिण्याचा मला चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

ओटीवर बसून जबाब सुरू केला. पहिल्यांदा केव्हा फवारले? "मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली." दुष्काळ १९७२ चा, म्हणजे साल १९७३. कशावरून? अण्णा उठले आणि कपाटातून एक लाल वही घेऊन आले. मजुरी, खते, वाहतूक, सगळे त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात. एका पानावर स्पष्ट नोंद: '११ ऑक्टोबर. निंबोळी तेल, डबा १.' माझ्या अंगावर काटा आला. साल? साल वहीच्या पुठ्ठ्यावर होते, आणि पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला.

भाची वकील ती वकीलच. म्हणाली, "तेल घेतले हे खरे. पण फवारायला घेतले हे कुठे लिहिले आहे? बैलांच्या खांद्यालाही लावतात की."

अण्णा तिच्याकडे पाहतच राहिले. मला वाटले, आता पुन्हा दोन दिवस जेवण बंद. तेवढ्यात वहिनी आतून हात पुसत बाहेर आल्या. "बैलांना कसलं? माझ्या पाटल्या गहाण ठेवून पंप आणला होता ना त्या वर्षी! आणि धाकटीच्या बारशाला घरभर त्या तेलाचा वास. येईल ती बाई नाकाला पदर लावत होती."

धाकटीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख नोव्हेंबर १९७४. अण्णा म्हणतात १९७३, वहिनी म्हणतात १९७४, आणि दोघेही मागे हटायला तयार नाहीत. भाचीला हे वाईट वाटले, मला नाही. दोन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले, की शिकवून आणल्याचा वास येतो. वर्षभराचा फरक पडला तर समजावे, की दोघेही आपापल्या आठवणीतून बोलत आहेत. मी दोन्ही साले लिहून घेतली, पाटल्यांची हकीकत लिहिली, रिठे किती आणि रात्रभर भिजवायचे की उकळायचे हे लिहिले. नातू सुरुवातीला दाराशी उभा होता, तेल-पाण्याचे माप निघाले तेव्हा तो जवळ येऊन बसला आणि त्याने स्वतःहून विचारले, "पानं करपत नव्हती का, अण्णा?" अण्णा म्हणाले, "पहिल्या वर्षी करपली. मग तेल कमी केलं." तेही लिहिले. त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा तरी मी जातो. कागद सत्तरावर गेले आहेत, आणि निंबाचे प्रकरण मागे पडून आता आम्ही उधईवर आलो आहोत.

एक साक्षीदार राहिला आहे. तेव्हा पाठीवर पंप घेऊन फवारणारा गडी आता ओझरला मुलाकडे असतो. त्याची आठवण चांगली आहे असे कळते. येत्या रविवारी जायचे ठरवले, तर अण्णा म्हणाले, मीही येतो. मी स्वच्छ सांगितले, की एका साक्षीदाराने दुसऱ्याच्या जबाबाला हजर राहायचे नसते. त्यावरून ते रुसले आहेत. वहिनींनी मध्यस्थी केली, तेव्हा तडजोड निघाली: अण्णांनी बाहेर गाडीत बसायचे, मी आत जाऊन जबाब घ्यायचा, आणि सही-अंगठा झाला की मग त्यांना आत बोलवायचे. दोघांसाठी चिवड्याचा डबा वहिनींनी आधीच भरून ठेवला आहे.